बारावीनंतर संस्थेत काम करायचंय? मग समाजकार्याबरोबर हिशोबही शिका

'ना-नफा संस्थांचं व्यवस्थापन' अशा नावाची पदवी बारावीनंतर शोधायला निघालात, तर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या प्रवेशयादीत ती बहुधा हाती लागणार नाही. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठानं २०१० मध्ये परोपकार या विषयात बीए सुरू केलं आणि २०१३ मध्ये त्यासाठी लिली फॅमिली स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपी नावाचं वेगळं महाविद्यालयच उभं केलं. आपल्याकडे संस्था गल्लोगल्ली आहेत, शंभर-सव्वाशे वर्षांच्या जुन्याही आहेत, पण पदवीवर हे नाव सहसा दिसत नाही. त्यामुळे हे शिक्षण दोन-तीन ठिकाणांहून गोळा करून स्वतःच बांधावं लागतं. ते कसं बांधायचं, हे इथे क्रमानं सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. संस्थांना तळमळीची माणसं मिळतात. ताळेबंद वाचता येणारी तळमळीची माणसं मिळत नाहीत. तुम्ही दुसऱ्या प्रकारातले झालात, तर पदवीचं नाव काय आहे हे कुणी फारसं विचारणार नाही.

पहिली पायरी: कुठलं काम, ते आधी पाहा

संस्थेत काम म्हणजे वस्तीत जाऊन बैठका घेणं, एवढंच चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. मध्यम आकाराच्या कुठल्याही संस्थेत किमान चार प्रकारची माणसं लागतात. फिल्डवर असणारे कार्यकर्ते आणि समन्वयक. प्रपोजल, म्हणजे निधीसाठीचे प्रस्ताव, लिहिणारे, देणगीदार सांभाळणारे. जमाखर्च आणि कायद्याची कागदपत्रं बघणारे. आणि कामाचा परिणाम मोजणारे, ज्यांना कचेरीत 'एम अँड ई (मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन) वाले' म्हणतात. छोट्या संस्थेत ही चारही कामं एकच माणूस करतो आणि वर गाडीही काढतो.

सुट्टीत जवळच्या दोन वेगवेगळ्या संस्थांत जाऊन बसा. एक देणगीवर चालणारी आणि एक कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीवर चालणारी अशी जोडी निवडलीत तर फरक लगेच कळेल. पहिलीत पावतीपुस्तकं आणि वर्धापनदिनाची पत्रिका दिसेल, दुसरीत एक्सेलच्या फायली आणि तिमाही अहवालाची तारीख. कुठे जीव रमतो ते बघा. फिल्डवर रमत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. चांगला हिशोबनीस संस्थेला चार कार्यकर्त्यांइतका उपयोगी पडतो, फक्त त्याचा सत्कार कुणी करत नाही.

दुसरी पायरी: पदवी कोणती घ्यायची

सरळ रस्ता बीएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदवीचा. कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेतून बारावी झालेल्यांना साधारणपणे ही वाट खुली असते. महाराष्ट्रात समाजकार्याच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच आजचं टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ पासून आहे, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून. नागपुरात मातृ सेवा संघाची आणि तिरपुडे यांची अशी दोन महाविद्यालयं नावाजलेली आहेत, अहिल्यानगरला सीएसआरडी आहे. या नावांपासून शोध सुरू करा. कुठे बीएसडब्ल्यू चालतं, कुठे फक्त एमएसडब्ल्यू म्हणजे पदव्युत्तर पदवी, जागा किती, फी किती, हे दरवर्षी बदलू शकतं, म्हणून माहितीपुस्तिका त्या वर्षाचीच पाहा. नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूचा दूरशिक्षणातला बीएसडब्ल्यू आहे, आणि त्यातही फिल्डवर्क करावंच लागतं. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज वेळेत भरा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर ही कागदं निकालाच्या आधीच काढून ठेवा.

दुसरा रस्ता बीकॉमचा. मला तो मनापासून पटतो, आणि समाजकार्य शिकवणाऱ्या मंडळींना तो पटत नाही हेही मला माहीत आहे. बीकॉम करताना तीन वर्षं एखाद्या संस्थेत नेमानं काम केलं आणि मग एमएसडब्ल्यू केलं, तर हातात दोन्ही गोष्टी येतात. मात्र 'नेमानं' हा शब्द हलका घेऊ नका. वर्षातून एकदा वृक्षारोपणाला जाणं यात बसत नाही.

तिसरा रस्ता बीए करून समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेण्याचा. वाईट नाही, पण फिल्डवर्क स्वतःच्या हिमतीवर शोधावं लागतं.

बीएसडब्ल्यूच घेणार असाल, तर नव्या शैक्षणिक धोरणानंतर मायनर आणि ऐच्छिक विषयांची जी मुभा आली आहे ती नीट वापरा. हिशोबशास्त्र, संख्याशास्त्र किंवा कायद्याचा एखादा पेपर मिळत असेल तर तो घ्या. 'सोपा विषय' म्हणून सगळा वर्ग ज्याला बसतो, तो तुम्हाला मुलाखतीत काही मिळवून देणार नाही.

महाविद्यालय निवडताना तिथे जाऊन दोनच गोष्टी विचारा, इमारतीकडे बघू नका. गेल्या वर्षी मुलं फिल्डवर्कला कुठे कुठे पाठवली होती? आणि फिल्डवर्कची डायरी कोण तपासतं, किती दिवसांनी? पहिल्या प्रश्नाला संस्थांची, रुग्णालयांची, वस्त्यांची नावं धडाधडा आली तर जागा चांगली. 'ते आमचे सर बघतात' असं उत्तर आलं तर दुसरं महाविद्यालय बघा.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. इंडियानाशिवाय ॲरिझोना स्टेट विद्यापीठातही संस्था-नेतृत्व आणि व्यवस्थापनाची पदवी आहे. शिक्षण उत्तम, पण ते तिथल्या कायद्यावर उभं आहे: तिथली ५०१(सी)(३) ही करसवलत आणि दरवर्षी भरायचा फॉर्म ९९०, जो कुणालाही बघता येतो. परत येऊन इथे काम करायचं असेल तर इथला धर्मादाय कायदा, म्हणजे ट्रस्ट आणि संस्थांचा कायदा, पहिल्यापासून शिकावाच लागेल. पदवीसाठी इतका खर्च करण्यापेक्षा इथे पदवी आणि चार वर्षं काम करून मग पदव्युत्तर शिक्षणाला तिकडे जावं, असं माझं मत. तिकडेच स्थायिक असलेल्या मराठी घरातल्या मुलांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र फाउंडेशनसारखी १९७८ पासूनची संस्था तिथे आहे, आणि अमेरिकेतून गोळा केलेला पैसा महाराष्ट्रातल्या कामापर्यंत कायदेशीर वाटेनं कसा पोचतो, हा त्यांच्यासाठी अभ्यासाचा फार चांगला विषय आहे.

तिसरी पायरी: फिल्डवर्क, म्हणजे खरी पदवी

बीएसडब्ल्यूत आठवड्यातले साधारण दोन दिवस फिल्डवर्क असतं. कुणाला रुग्णालय मिळतं, कुणाला निरीक्षणगृह, कुणाला वस्ती, कुणाला शाळा. केसवर्क (एकेका व्यक्तीसोबतचं काम), ग्रुपवर्क (गटासोबतचं), समुदाय संघटन या तीन पद्धती वर्गात शिकायच्या आणि तिथे वापरून पाहायच्या. वर्षातून एकदा ग्रामीण शिबिर असतं, आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे काही आठवडे सलग एकाच संस्थेत काम.

मुलं फिल्डवर्क मन लावून करतात आणि त्याची नोंद मात्र आदल्या रात्री उरकतात. इथेच घोडं पेंड खातं. दोन नोंदी शेजारी ठेवून बघा.

पहिली: 'आज वस्तीत महिलांची बैठक घेतली. रेशनकार्डाविषयी माहिती दिली. महिलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. बैठक यशस्वी झाली.'

दुसरी: 'बैठक ४ वाजता ठरली होती, सव्वापाचला सुरू झाली, कारण नळाला पाणी तेव्हाच आलं. १४ बायका आल्या, त्यातल्या ९ जणी काहीच बोलल्या नाहीत. मी रेशनकार्डाचा विषय काढला. दहा मिनिटांनी एका आजींनी विचारलं, गटाराचं काय? त्यानंतर सगळ्या त्याच्यावरच बोलल्या. रेशनकार्डाचे अर्ज तिघींनी नेले. पुढच्या वेळी पाण्याची वेळ विचारून बैठक ठेवायची.'

दुसरी नोंद लिहिता येणाऱ्या मुलीला मी मुलाखतीशिवाय घेईन. कारण पुढे प्रकल्प अहवाल, प्रपोजल, मूल्यमापन हे सगळं याच नोंदीतून निघतं. वस्तीला पाणी कधी येतं हे जिला ठाऊक आहे, तिचं वेळापत्रक आणि बजेट बरोबर येतं. 'उत्स्फूर्त प्रतिसाद' हे शब्द डायरीतून कायमचे काढून टाका. ते वर्तमानपत्राच्या बातमीसाठी राखीव आहेत.

फिल्डवर जाताना सुरक्षेचं भान ठेवा, विशेषतः मुलींनी. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. ती कुठे आहे, सदस्य कोण, हे पहिल्याच दिवशी विचारा. विचारण्यात संकोच नको. चांगल्या संस्थेत ती नावं भिंतीवर लावलेली असतात. मुलांसोबत काम असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, तो वाचल्याशिवाय निवासी शाळेत पाऊल टाकू नका. मुलांचे फोटो काढून स्टेटसला लावायची सवय असेल, तर ती फाटकाबाहेर ठेवून या.

चौथी पायरी: कायद्याची फाइल उघडा

हा भाग अभ्यासक्रमात असला तरी एखाद्या पेपरात चार पानांत संपतो. नोकरीत मात्र पहिल्याच महिन्यात समोर येतो. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षात, जिथे फिल्डवर्क करताय तिथल्या सचिवांना विनंती करा: 'ताई, नोंदणीची फाइल एकदा बघू का?' बहुतेक वेळा आनंदानं दाखवतील, कारण आजवर कुणी मागितलेलीच नसते.

त्या फाइलीत पहिला कागद नोंदणी प्रमाणपत्राचा. आपल्याकडे संस्था तीन प्रकारांनी उभी राहते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासदांची सोसायटी, सार्वजनिक न्यास म्हणजे ट्रस्ट, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. महाराष्ट्राची खासियत अशी, की सोसायटी नोंदवली तरी तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. म्हणून फाइलीत दोन प्रमाणपत्रं दिसतील आणि दोन क्रमांक. दुसरा क्रमांक 'एफ' अक्षरानं सुरू होत असेल तर ती सोसायटी, 'ई' असेल तर ट्रस्ट. मुलाखतीला जाण्याआधी लेटरहेडवरचा क्रमांक बघितला तरी संस्थेचा प्रकार कळतो.

पुढचा कागद घटना आणि नियमावलीचा. उद्देशांचं कलम नीट वाचा. पाण्याचं काम करायचंय आणि उद्देशांत फक्त शिक्षण आहे, असं पुष्कळदा निघतं. मग इतिवृत्तांची वही: सभा कधी झाली, गणपूर्ती होती का, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं.

आणि मग येतो संस्थांच्या डोकेदुखीचा कागद, चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले, कुणी वारलं, नवी निवडणूक झाली, नवी जमीन घेतली, की १९५० च्या त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत हा बदल धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. तो मंजूर झाला की मगच शेड्यूल वनच्या उताऱ्यावर, म्हणजे संस्थेच्या अधिकृत नोंदीवर, नवी नावं चढतात. हे राहून गेलं तर कार्यकारी मंडळ प्रत्यक्षात एक आणि कागदावर दुसरंच, अशी स्थिती होते. मग बँक सही बदलून देत नाही, सीएसआरवाली कंपनी उतारा मागते, आणि उताऱ्यावर दिवंगत अध्यक्षांचं नाव अजून झळकत असतं. संस्थांमधली निम्मी भांडणं न्यायालयात जातात ती याच वाटेनं, असं म्हटलं तर वकील मंडळी हसतील, पण नाकारणार नाहीत.

याच कायद्याचं कलम ३६ सुद्धा वाचून ठेवा. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, बक्षीस द्यायची किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्त म्हणजे मालक नव्हेत, हे या एका कलमातून जितकं स्पष्ट कळतं तितकं कुठल्याच व्याख्यानातून कळत नाही.

आयकराची नोंदणी वेगळी असते. आजवर ती १२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली गेली. आयकराचा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण कचेऱ्यांत 'एटीजीची पावती' हाच शब्द अजून बराच काळ चालेल. पहिल्या नोंदणीनं संस्थेच्या उत्पन्नाला सूट मिळते, दुसरीनं देणगीदाराला. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर देणगीदाराला सवलत मिळत नाही. त्यानं नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत नाहीच. देणगीदार हे विचारतातच, आणि पावती फाडणाऱ्या माणसाला उत्तर यायला हवं.

पाचवी पायरी: हिशोब, आणि पुन्हा हिशोब

इथे जरा थांबू. समजा तुमच्या संस्थेला गावातल्या ४० मुलींना सायकली द्यायच्या आहेत, म्हणजे आठवीनंतर शाळा सुटणार नाही. देणगीदार म्हणतात, 'सायकल ६,००० ची, ४० सायकली, २,४०,००० रुपये. चेक पाठवतो.' हा चेक घेऊन तुम्ही खुश झालात तर काम अडलंच म्हणून समजा.

बजेट असं मांडा. सायकली २,४०,०००. कुलूप, पंप आणि पंक्चरचं सामान मुलीमागे २५० प्रमाणे १०,०००. मुलींची निवड, पालकसभा, शाळेशी बोलणं, हजेरी तपासणं यासाठी समन्वयकाचा अर्धा वेळ, चार महिने, महिन्याला ९,००० धरून ३६,०००. वाहतूक आणि गावभेटी १४,०००. बँक आणि ऑडिटचा वाटा ६,०००. बेरीज ३,०६,०००. म्हणजे एका मुलीमागे ७,६५०.

वरचे ६६,००० बघून देणगीदाराच्या कपाळावर आठी पडते. 'माझा पैसा थेट मुलींना जायला हवा.' तुमची परीक्षा इथे आहे. समन्वयक नसेल तर सायकल मुलीच्या नावानं येईल आणि भाऊ फिरवेल, हे त्यांना शांतपणे सांगता आलं पाहिजे. पुढच्या जूनमध्ये चाळीसपैकी किती मुली नववीत बसल्या हे कोण मोजणार, तेही विचारा. व्यवस्थापनाचा खर्च लपवून 'शंभर टक्के लाभार्थ्यांना' असं छापणाऱ्या संस्था आहेत. त्यांचा समन्वयक तरी पगार घेतच असतो, फक्त तो दुसऱ्याच कुठल्या तरी खात्यात टाकलेला असतो. ही सवय लागू देऊ नका.

दुसरी गोष्ट, पैसा कुणाचा आणि कशासाठीचा. सायकलींसाठी आलेला पैसा विजेच्या बिलाला वापरता येत नाही, भले वीज तोडायला माणूस दारात उभा असो. कॉर्पस म्हणजे कायम निधी, त्याचं फक्त व्याज वापरायचं. ताळेबंदात हे निधी वेगवेगळे दिसतात. धर्मादाय कार्यालयाला द्यायचा ताळेबंद शेड्यूल आठच्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक शेड्यूल नऊच्या नमुन्यात असतं. एखाद्या संस्थेची ही दोन पानं मिळवा, पेन्सिल घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोधा: अटीचा पैसा किती, बिनअटीचा किती, आणि उद्या सगळे देणगीदार थांबले तर पगार किती महिने देता येतील? तिसऱ्या उत्तरानं झोप उडते.

देणगीला अट असते ही काही आजची गोष्ट नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव आलं. एसएनडीटी ही अक्षरं तिथली. नाव देणं ही झेपणारी अट होती. कुठली अट झेपते आणि कुठली संस्थेचं कामच बदलून टाकते, हे ओळखणं हाच या अभ्यासातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि त्याचं पाठ्यपुस्तक नाही.

टॅली शिका, एक्सेल नीट शिका. पिव्होट टेबल येत असेल तर तुम्ही पहिल्याच आठवड्यात कचेरीत लाडके होता.

सहावी पायरी: पैसा कुठून येतो ते समजून घ्या

सीएसआरबद्दल सगळे बोलतात, कंपनी कायद्याचं कलम १३५ वाचलेले थोडे. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातला एकही आकडा गाठणाऱ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. कुठल्या कामांवर, त्याची यादी अनुसूची ७ मध्ये आहे. प्रपोजल लिहिताना आपलं काम त्यातल्या कुठल्या ओळीत बसतं ते आधी ठरवा. पैसा घेणाऱ्या संस्थेकडे करनोंदण्या हव्यात, सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा.

यातून एक सल्ला आपोआप निघतो. पदवी हातात पडली की लगेच स्वतःची संस्था काढू नका. पहिली तीन वर्षं सीएसआरची दारं बंदच असतात, आणि सात सभासद गोळा करताना मामा-मावशींची नावं घातली की पुढे चेंज रिपोर्टच्या वेळी सगळ्यांना शोधत फिरावं लागतं.

परदेशी पैशाला २०१० चा एफसीआरए कायदा लागतो. अमेरिकेतल्या मामानं पाठवलेली देणगीसुद्धा, मामाचं नागरिकत्व तिथलं असेल तर, यातच येते. नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम आणि त्या काळात मुख्य कामावर किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनं नियम कडक झाले: पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यायला हवा, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेनं दुसरीला परदेशी पैसा पुढे देणं बंद झालं. पूर्वी मुंबई-पुण्यातल्या मोठ्या संस्थेमार्फत मेळघाट-नंदुरबारच्या छोट्या संस्थेपर्यंत हा पैसा जायचा. ती वाट संपली. दुरुस्तीमागचा हेतू काहीही असो, फटका छोट्यांना जास्त बसला.

सामान्य माणसाची छोटी देणगी मात्र कुठल्याही अटीशिवाय येते. तिच्यासाठी वेळेवर पावती, वर्षातून दोन पत्रं आणि एक फोन, एवढंच लागतं.

सातवी पायरी: परिणाम मोजायला शिका

गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. पण त्यांनी फक्त आपल्या ३९ गावांची आकडेवारी दिली नाही, तर जिथे हे काम नव्हतं अशा ४७ गावांमधले जन्म-मृत्यूही मोजले. तुलना करता आली म्हणूनच नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला, असं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ठामपणे मांडता आलं. ही तुलनेची ४७ गावं नसती तर कुणीही म्हणालं असतं, 'रस्ते झाले, दवाखाने झाले, म्हणून घटला असेल.'

तुमच्या पहिल्या प्रकल्पात इतकं शक्य होणार नाही. पण काम सुरू होण्याआधी बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची आकडेवारी, घ्या, आणि 'किती जणांना प्रशिक्षण दिलं' याच्या पुढे जाऊन 'प्रशिक्षणानंतर काय बदललं' हे विचारायची सवय लावून घ्या.

आठवी पायरी: पदवीनंतर

पुढे शिकायचं तर टिसचं समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण आहे. व्यवस्थापनाकडे ओढा असेल तर आणंदची इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था, व्हर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये उभारलेली. आधी कामाचा अनुभव हवा असेल तर फेलोशिप बघा: गांधी फेलोशिप आणि टीच फॉर इंडिया दोन्ही दोन-दोन वर्षांच्या, एसबीआय यूथ फॉर इंडिया तेरा महिन्यांची. महाराष्ट्राची मुख्यमंत्री फेलोशिप सरकार आतून बघायला मिळते म्हणून चांगली. आणि पदवी चालू असतानाच, आपण हे नक्की कशासाठी करतोय असा गोंधळ झाला, तर 'सर्च'ची 'निर्माण' शिबिरं २००६ पासून त्यासाठीच चालतात.

थेट नोकरी घेणार असाल तर नेमणूकपत्र हातात येईपर्यंत 'हो' म्हणू नका. पत्रात पुढच्या गोष्टी शोधा. पगार आहे की मानधन? वीस किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेत पीएफ कापला जायला हवा, तो कापला जातोय का? तुमचं पद कुठल्या प्रकल्पात बसवलंय, आणि तो प्रकल्प किती महिन्यांचा उरलाय? गाव फिरायला गाडी तुमची असेल तर पेट्रोलचा दर लिहिलाय का? पगार सुरुवातीला कमीच असतो, पण तो दर महिन्याला वेळेवर होतो का हे तिथल्या शिपायाला विचारा. तो खरं सांगतो. आणि प्रकल्प मार्चमध्ये संपतोय, नवा कुठलाच मंजूर नाही, असं कळलं तर संचालकांना सरळ विचारा की एप्रिलचा पगार कुठल्या निधीतून निघणार. उत्तर ताळेबंदात सापडतं का, ते तुम्हाला आता बघता येतं.